टाच, साखर आणि दिवसाआडचं पाणी : खंडानंतर व्यायामाकडे परतण्याचं एक प्रकरण

वय 48. जळगावात राहतात, एका पतसंस्थेत नोकरी. घरी नवरा, मुलगा आणि सासूबाई. शेत धरणगाव तालुक्यात, कापूस आणि दादर (रब्बी ज्वारी). पाच वर्षांपासून टाइप 2 मधुमेह. इथे मी त्यांना नुसतं ताई म्हणते. लिहायला त्यांनी परवानगी दिली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई माझ्याकडे आल्या त्या टाचेसाठी. पण टाच हा या प्रकरणाचा लहान भाग. मोठा भाग असा की, एकेकाळी आठवड्यातून पाच दिवस मेहरूण तलावावर चालणारी-पळणारी बाई मोठ्या खंडानंतर तीनदा नव्याने सुरुवात करते आणि तीनही वेळा पंधरा दिवसांच्या आत थांबते. घरात आणि ऑफिसात याचं निदान होऊन बसलं होतं: चिकाटी राहिली नाही. ताईंनाही मनातून तेच वाटत होतं. मी फिजिओथेरपिस्ट म्हणून रोज असे लोक बघते आणि मला हे निदान मान्य नाही.

खंड कसा पडला

मार्चमध्ये मुलाची बारावीची परीक्षा. पहाटे उठून त्याला चहा करून देणं, तो अभ्यासाला बसला की आपणही घरात असणं, यात सकाळची फेरी गेली. एप्रिलमध्ये ऊन तापलं. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा 44-45 अंशांवर जातो तेव्हा सकाळी सातलाही रस्ता पोळतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी, मग भाचीचं लग्न, मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. यातली एकही गोष्ट टाळता येण्यासारखी नव्हती आणि एकही अचानक आलेली नव्हती. परीक्षेची तारीख डिसेंबरातच माहीत होती, उन्हाळा तर दरवर्षीचा.

मी मागच्या वर्षांचं विचारलं. दोन वर्षांपूर्वीही मार्च ते जून बंद. त्याच्या आदल्या वर्षीही. फरक एवढाच की तेव्हा खंड अडीच महिन्यांचा होता आणि वय थोडं कमी होतं, म्हणून परत आलेलं जमून गेलं.

तीन प्रयत्न

मृगाचा पहिला पाऊस झाला, उकाडा जरा सैल पडला, तसे ताईंनी बूट बाहेर काढले. पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर, कारण मार्चमध्ये तेवढं होत होतं. धाप लागली, पण पूर्ण केलं. दुसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या जड. तिसऱ्या दिवशी पतसंस्थेचा जिना उतरताना कठडा धरावा लागला. सवय मोडलेल्या स्नायूंचं हे दुखणं 24 ते 72 तासांत सर्वांत जास्त असतं आणि पुढे आपोआप ओसरतं. त्यातही जिना उतरताना ते जास्त जाणवतं, कारण उतरताना मांडीचा स्नायू लांबत-लांबत भार पेलतो. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पायाला काहीतरी झालं असं समजून त्या थांबल्या.

दुसरा प्रयत्न श्रावणात, कानबाईचा सण झाल्यावर. या वेळी आठवडाभर फक्त चालल्या. नवव्या-दहाव्या दिवशी श्वास मोकळा वाटायला लागला, अंग हलकं झालं. मग पळाल्या, अर्धा तास न थांबता. दोन दिवसांनी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला तर डाव्या टाचेत कळ. दहा-बारा पावलं चाललं की कमी होई, दुपारी खुर्चीतून उठलं की पुन्हा. फेरी बंद.

तिसरा प्रयत्न दसऱ्यानंतर, आणि तो सगळ्यांत काळजीचा. मधल्या काळात एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 6.9 वरून 8.2 वर गेलं होतं आणि डॉक्टरांनी मेटफॉर्मिनच्या जोडीला सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी सुरू केली होती. ताईंनी सकाळी गोळी घेतली, नाश्ता आल्यावर करू म्हणून नुसत्या पोटी निघाल्या आणि जुन्या वेगाने चालल्या. परतताना हाताला कंप सुटला, कपाळावर घाम, समोरचं पुसट. तलावाच्या कट्ट्यावर बसल्या. शेजारच्या बाईंनी टपरीवरून चहा आणला आणि त्यात साखरेचे दोन चमचे जास्त घालायला लावले. त्या बाईंना मधुमेहाचं काही माहीत नव्हतं, पण त्यांनी केलं ते अगदी बरोबर केलं. चहा पिऊन, रिक्षाने घरी येऊन मोजली तेव्हा साखर 78 होती, म्हणजे कट्ट्यावर ती 70 च्या खाली असणार. त्या दिवशी घरात बंदी झाली. सासूबाई म्हणाल्या, "आते कसाले पयस? घरमा काम कमी शे का?" (आता कशाला पळतेस? घरात काम कमी आहे का?)

तीन वेळा थांबण्याची तीन कारणं. एकदा स्नायू, एकदा तळपायाचा पडदा, एकदा औषध आणि व्यायाम यांचा मेळ. यात चिकाटीचा प्रश्न मला कुठेच दिसत नाही. तीनही वेळा सारखं होतं ते एकच: मार्चमधला आकडा. पाच किलोमीटर आणि तो वेग. शरीर ऑक्टोबरचं, औषधं ऑक्टोबरची आणि हिशोब मार्चचा.

तपासणी

टाचेच्या आतल्या बाजूला, जिथे तळपायाचा चिवट पडदा हाडाला चिकटतो, तिथे दाबल्यावर नेमकं दुखत होतं. सकाळच्या पहिल्या पावलाची वेदना त्यांनी दहापैकी सात सांगितली. एका पायावर उभं राहून टाच उचलायला लावली: उजव्या पायावर 19 वेळा, डाव्यावर 7 वेळा आणि आठव्याला टाच थरथरत अर्ध्यातच राहिली. हा आकडा बघून ताई स्वतःच गप्प झाल्या. आपला एक पाय दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी काम करतोय याची त्यांना कल्पनाच नव्हती.

मधुमेह असल्याने तळव्याची संवेदना 10 ग्रॅमच्या नायलॉन धाग्याने तपासली. ती ठीक होती. ती ठीक नसती तर पुढची आखणी वेगळी झाली असती, कारण संवेदना गेलेल्या पायाला जखम झालेली कळत नाही. छातीत दुखणं, चालताना चक्कर, असं काही नव्हतं. तरी पळायला सुरुवात करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडून ईसीजी आणि रक्तदाब तपासून घ्यायला सांगितलं. विश्रांतीतली नाडी 84 होती. खंडापूर्वी घड्याळात ती 70 च्या आसपास दिसायची.

काय गेलं, काय राहिलं

हे मी ताईंना कागदावर काढून दाखवलं. थांबल्यावर शरीरातल्या सगळ्या गोष्टी एकाच वेगाने उतरत नाहीत आणि परत सुरू केल्यावर एकाच वेगाने चढतही नाहीत.

सर्वांत आधी उतरतं ते रक्तातल्या द्रवाचं प्रमाण, त्यामुळे हृदयाच्या एका ठोक्यात जाणारं रक्त कमी होतं. 1984 मध्ये कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगल्या तयारीच्या खेळाडूंचा सराव 84 दिवस बंद ठेवून मोजमाप केलं. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या 21 दिवसांतच 7 टक्के घसरली आणि 56 दिवसांनंतर साधारण 16 टक्के खाली येऊन स्थिरावली. म्हणजे पहिल्या तीन आठवड्यांतला उतार मोठा, पण तळ गाठल्यावर अजून महिनाभर गेला तरी तेवढं नुकसान वाढत नाही. आपलं सगळंच गेलं असं ताईंना वाटत होतं. त्यांना या आकड्याने खरंच धीर आला. स्नायूंबाबतही आशा ठेवायला जागा आहे. 2010 मध्ये ऑस्लो विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की भार देऊन वाढलेल्या स्नायूतंतूंत जी जादा केंद्रकं येतात, ती स्नायू बारीक झाल्यावरही टिकून राहतात. माणसात हे किती लागू होतं यावर वाद आहेत, पण एकदा कमावलेलं शरीर दुसऱ्या वेळी लवकर जमतं हा अनुभव आखाड्यातल्या कुठल्याही जुन्या पैलवानाला विचारा.

परतताना द्रवाचं प्रमाण आठवडा-दोन आठवड्यांत सुधारतं. म्हणून नवव्या-दहाव्या दिवशी श्वास मोकळा होतो, अंग हलकं वाटतं. आणि नेमका तिथेच घात होतो. कारण स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या म्हणजे कंडरा, तळपायाचा पडदा, हे सगळं चिवट कोलॅजनचं बनलेलं असतं. त्याला भार पेलायला तयार व्हायला आठवडे नाही, महिने लागतात. विहिरीवर मोठी मोटर बसवली आणि पाइपलाइन जुनीच ठेवली तर पाइप सांध्यात फुटतो, हे शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही. ताई लगेच म्हणाल्या, "म्हणजे श्रावणात माझी मोटर सुरू झाली होती."

उन्हाची सवयही अशीच जाते. गरम हवेत घाम लवकर आणि भरपूर यायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, आणि तो सराव सोडला की तीन-चार आठवड्यांत बहुतेक सगळा ओसरतो. उन्हाळाभर पंख्या-कूलरखाली बसून जूनच्या दमट सकाळी एकदम पळणाऱ्याला हे भोवतं.

आखणी

पहिली गोष्ट साखरेची, आणि ती माझ्या अधिकारातली नाही. औषधाला मी हात लावत नाही. तलावावरचा प्रसंग चिठ्ठीत लिहून दिला आणि ताईंना त्यांच्या डॉक्टरांकडे परत पाठवलं. त्यांनी ग्लिमेपिराइडची मात्रा कमी केली आणि चालणं जेवणानंतर ठेवायला सांगितलं. नुसत्या मेटफॉर्मिनवर साखर अशी एकदम पडणं विरळा. ग्लिमेपिराइडच्या गटातल्या गोळ्यांवर मात्र ते होतं, आणि खंडाच्या काळात वाढवलेली मात्रा व्यायाम परत सुरू झाल्यावर जास्त ठरू शकते. मला ही गोष्ट मोठ्याने सांगायची आहे, कारण व्यायाम सुटला की औषध वाढतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण व्यायाम सुरू करतोय हे डॉक्टरांना कळवायचं कुणाला सुचत नाही. खिशात साखरेची पुडी, तीन छोटे चमचे म्हणजे साधारण 15 ग्रॅम. कंप किंवा घाम आला की थांबायचं, ती खायची, 15 मिनिटांनी साखर परत मोजायची.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची, आणि इथे माझं पहिलं वेळापत्रक ताईंनी बघताक्षणी बाजूला सारलं. मी सोमवार-बुधवार-शुक्रवार असं मांडलं होतं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे वार चालत नाहीत. आमच्याकडे पाणी चालतं." त्यांच्या गल्लीत नळाला पाणी दिवसाआड येतं, सकाळीच. पाण्याच्या दिवशी घरातून पाऊल बाहेर टाकता येत नाही: टाकी, पिंप, हंडे, धुणं. बिनपाण्याच्या दिवशी सकाळ मोकळी.

मग तेच वेळापत्रक धरलं. बिनपाण्याच्या दिवशी चालणं. पाण्याच्या दिवशी, नळ सुरू असताना, मोरीच्या पायरीवर टाचेचा व्यायाम. डेन्मार्कमध्ये रॅथलेफ यांनी 2014 मध्ये तपासलेली पद्धत हीच: पायाच्या बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, पायरीच्या कडेवर उभं राहून तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली, आणि हे एक दिवसाआड. तीन महिन्यांनी या गटाची टाच नुसत्या ताणाच्या व्यायामापेक्षा बरी होती. वर्षाअखेर दोन्ही गट जवळपास सारखे झाले. ताईंना टाचेइतकीच पोटरीची ताकदही हवी होती, म्हणून मी हाच मार्ग घेतला. एक दिवसाआड भार, मधे विश्रांती, हे जे शरीराला हवं होतं ते महापालिकेच्या नळाने आयतं ठरवून दिलेलं होतं.

पहिले दोन आठवडे चालणं फक्त 15 मिनिटं, नाश्त्यानंतर, सपाट रस्त्यावर आणि कॉलनीतच. मेहरूणला जायचं नाही असं मी मुद्दाम सांगितलं. तिथे जुना ग्रुप भेटतो, जुनी खूण दिसते आणि पाय जुन्या वेगाला लागतात. ताईंना हे आवडलं नाही. कॉलनीत फिरणं म्हणजे म्हातारपण असं त्यांचं मत होतं. पण त्यांनी ऐकलं.

वेदनेचा नियम साधा ठेवला. व्यायाम करताना दहापैकी पाचपर्यंत दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशीचं पहिलं पाऊल आदल्या दिवशीपेक्षा वाईट नको. वाईट असेल तर भार एक पायरी खाली, बंद नाही. आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज पेन्सिलीने. सासूबाई मोरीजवळच्या पाटावर बसून पायरीवरची गिनती करायला लागल्या, आणि एकदा अकरावर थांबलेल्या ताईंना त्यांनी "अजून एक बाकी शे" म्हणून परत चढवलं.

तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला पाच मिनिटं वाढ. दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका असा एक नियम लोकप्रिय आहे. नेदरलँड्समध्ये नवशिक्या धावपटूंवर तो तपासला गेला तेव्हा दुखापती त्याने कमी झाल्या नाहीत. म्हणून मी टक्केवारीपेक्षा सकाळच्या पावलाचा आकडा मानते. डिसेंबरात टाचेच्या व्यायामाला वजन लागलं, तेव्हा पाठीवर मुलाची जुनी सॅक आणि त्यात दोन किलो दादर. पुढे चार किलो.

काय बिघडलं

डिसेंबरच्या शेवटी कुठेतरी मोठी जलवाहिनी फुटली आणि पाणी चौथ्या दिवसावर गेलं. पाण्याला बांधलेलं वेळापत्रक कोसळलं. ताई आठवडाभर काहीच न करता आल्या, चेहरा पडलेला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली यांनी 2010 मध्ये सवयींचा अभ्यास केला होता. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला मधला आकडा 66 दिवसांचा निघाला, माणसागणिक 18 पासून 254 पर्यंत, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नाही असंही दिसलं. मी ताईंना तेच सांगितलं. पण मधुमेहात दुसरा हिशोब असतो: व्यायामाचा साखरेवरचा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो, म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. तेव्हा नळाचा नाद सोडून "काल चाललात तर आज पायरी" एवढंच धरलं.

जानेवारीत धुळ्याकडे एक लग्न, तीन दिवस सपाट चपलांवर उभं राहणं. टाच परत सहावर. आठवडाभर सॅक उतरवली, चालणं चालू ठेवलं, आठ-दहा दिवसांत तीनवर आली.

ईसीजी आणि रक्तदाब ठीक आल्यावर पळणं सातव्या आठवड्यात सुरू केलं होतं: एक मिनिट सावकाश, दोन मिनिटं चाल, सहा वेळा. बोलता येईल इतकाच वेग. फेब्रुवारीच्या मध्यावर डाव्या पायावर टाच 16 वेळा उचलली गेली, सकाळची वेदना दोन, नाडी 74, एचबीए1सी 7.1. त्याच आठवड्यात मेहरूणची बंदी उठवली.

मार्च

बाकीचे लोक इथे प्रकरण संपवतील. माझ्या मते खरं काम इथे सुरू झालं. मार्च आला होता आणि मागच्या वर्षांप्रमाणे तो काहीतरी घेऊन येणारच होता. या भागात खंड हा ऋतूबरोबर येतो: उन्हाळा, मग पेरणी, पुढे कापसाची वेचणी. त्याची आखणी आधी करता येते.

हिक्सन यांनी 1981 मध्ये दाखवलं होतं की आठवड्यातले सहा दिवस कमी करून दोनच ठेवले, पण जोर तोच ठेवला, तर कमावलेली क्षमता 15 आठवडे टिकते. आपला उन्हाळा साधारण तेवढाच. म्हणून एप्रिल-मेसाठी आठवड्यात दोनच फेऱ्या, लहान पण दमाच्या, पहाटे सव्वापाचला झुंजूमुंजू असताना आणि निघण्याआधी काहीतरी खाऊन. एक दिवस पायरी, सॅकसकट. बाकी संध्याकाळी जेवणानंतर गच्चीवर दहा-पंधरा मिनिटं, साखरेसाठी. आखाजीच्या आठवड्यात काहीही नाही, ते आधीच लिहून टाकलं. जूनच्या पानावर मार्चमध्येच लिहिलं: पहिला आठवडा निम्मं, दुसरा आठवडा निम्मंच, अंग हलकं वाटलं तरी.

ताईंनी हे बहुतेक पाळलं. मेच्या शेवटी सलग दहा दिवस उष्णतेची लाट होती, तेव्हा पहाटेच्या फेऱ्याही गेल्या आणि फक्त पायरी राहिली. जूनमध्ये त्या निम्म्यावर आल्या आणि निम्म्यावरच राहिल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी फोन केला, "मोटर सुरू झाली, सोडू का?" नाही म्हटलं.

श्रावणात चार किलोमीटर न थांबता होतात. वेग आधीपेक्षा कमी आहे आणि ताईंना तो खुपतो. डावी टाच लांब उभं राहिल्यावर अजून बोलते, सकाळचा आकडा एक-दोनच्या मधे. ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी पूर्ण थांबवली आहे. दिवाळीच्या आधी वेचणी सुरू होईल, शनिवार-रविवार त्या शेतात असतील आणि दिवसभर कमरेत वाकून. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं आम्ही आत्ताच भरली आहेत: आठवड्यात दोन फेऱ्या, मंगळवारी पायरी, आणि सोमवार पूर्ण सुट्टी.